दहा आकडी नंबर सांभाळा, बाकीचं बरंचसं त्यातच आलं

ऑनलाइन फसवणुकीबद्दल आपल्याकडे जे सल्ले फिरतात ना ते सगळे सुटे सुटे असतात. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, पासवर्ड अवघड ठेवा. त्यात खोटं काहीच नाही, पण का ते कोणी सांगत नाही, आणि का ते कळलं नसलं की तोच धोका जरा वेगळा वेश घालून आला की ओळखू येत नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे तोंडपाठ असलेली माणसं ओटीपी कुणालाही न सांगता फसलीयत, कारण त्यांनी फक्त व्हॉट्सॲपवर आलेली लग्नाची पत्रिका उघडली होती. नियम पाळला तरी पैसे गेले. मग आता?

म्हणून मी वेगळ्या टोकाने सुरुवात करतो. पासवर्डबिसवर्ड क्षणभर बाजूला ठेवा आणि तुमच्या दहा आकडी मोबाईल नंबरावर काय काय टांगलंय ते मोजा. बँकेचं खातं, यूपीआय, आधार, डिजिलॉकर, पीएफ, इन्कम टॅक्सचं लॉगिन, जीमेल परत मिळवायची सोय, व्हॉट्सॲप, गॅसचं बुकिंग. यातलं कुठलंही उघडा, "पासवर्ड विसरलात का" वर बोट दाबा, बहुतेक ठिकाणी पुढे एकच रस्ता येतो, तुमच्या नंबरावर सहा आकडे पाठवलेत ते टाका. म्हणजे त्या नंबरावर येणारे मेसेज जो वाचू शकतो तो तुम्हीच, असं या सगळ्या सिस्टिमनी गृहीत धरलंय. बाकी तुमची सही, तुमचा चेहरा, बँकेत तीस वर्षं जाताय म्हणून तिथला शिपाई तुम्हाला नावाने ओळखतो, याला काही किंमत नाही.

यूपीआयचंच बघा. 2016 साली सुरू झालं, आता भाजीवालीच्या हातगाडीवरही त्याचा स्पीकर बोलतो. नवीन फोनमध्ये यूपीआयचं ॲप टाकलं की ते आधी कुठलं सिम वापरायचं विचारतं, मग "एसएमएस पाठवत आहोत" असं लिहून थोडा वेळ गोल गोल फिरत बसतं. त्या वेळात तुमच्या सिममधून एक मेसेज आपोआप जातो आणि हा नंबर याच फोनात बसलाय याची खात्री होते. मग यूपीआय पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि नंबरावर आलेला ओटीपी, काही बँका त्यात एटीएमचा पिनही मागतात, आणि आधारच्या ओटीपीवरही पिन बनवायची सोय आहे. आता हेच चोराच्या बाजूने वाचा. तुमचा जुना पिन ओळखायची, तोडायची त्याला गरजच नाही. सिम किंवा सिमवरचे मेसेज त्याच्या ताब्यात आले आणि वरचे बाकीचे तपशील हाताशी असले की तो नवा पिन बनवून मोकळा.

पिनचा विषय निघालाच आहे तर एक. यूपीआय पिन लागतो पैसे पाठवायला आणि बॅलन्स बघायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काही म्हणजे काही करावं लागत नाही, ते येऊन पडतात. जुना सोफा विकायची जाहिरात टाकली की पाच मिनिटात "मी लष्करात आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील" असा जो फोन येतो तो इथेच ओळखता येतो. पूर्वी हेच लोक कलेक्ट रिक्वेस्ट पाठवून गंडवायचे, ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे मागायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ऑक्टोबर 2025 पासून बंदच केली. क्यूआरचा खेळ मात्र चालू आहे.

आता मुद्द्यावर. चोराला तुमच्या नंबरावर येणारे सहा आकडे हवेत. ते मिळवायचे रस्ते मोजकेच आहेत, आणि पेपरमधली निम्मीअधिक प्रकरणं यातल्या कुठल्यातरी रस्त्यावरचीच निघतात. सरळ फोन करून विचारणं हा सगळ्यात जुना रस्ता, केवायसी संपली, कार्ड ब्लॉक होतंय, लाईट आज रात्री साडेनऊला कापणार वगैरे. हे आता बऱ्याच लोकांना माहितीये म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

एपीकेवर मात्र थांबायला पाहिजे. होतं काय, तुमच्या ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून मेसेज येतो (कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि तो बिचारा त्या वेळी जेवत असतो). सोबत फाईल, नाव "वेडिंग इन्व्हिटेशन डॉट एपीके", नाहीतर "आरटीओ चलन डॉट एपीके", शेतकऱ्यांच्या ग्रुपवर असेल तर "पीएम किसान डॉट एपीके". पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. एपीके म्हणजे अख्खं ॲप, प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवता, फोन म्हणतो या ठिकाणाहून ॲप टाकायची परवानगी नाही, सेटिंगमध्ये जा. इथे फोन तुमच्या बाजूने उभा असतो, पण पत्रिका बघायचीय ना, आपण सेटिंगमध्ये जाऊन ते बटण चालू करतो. मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधला गुगलचा पहारेकरी, लाल अक्षरात हटकतं, आपण "तरीही इन्स्टॉल करा" दाबतो. मग ॲप उघडतं आणि विचारतं, एसएमएस वाचू का? अलाऊ. कॉल बघू का? अलाऊ. पत्रिका काही दिसत नाही, स्क्रीनवर एरर येतो किंवा ॲपचं चिन्हच नाहीसं होतं, आपण म्हणतो फाईल खराब असेल आणि विसरून जातो. त्या क्षणापासून तुम्हाला येणारा प्रत्येक एसएमएस दुसरीकडे पोचतोय. चोर रात्री तुमच्या बँकेच्या साइटवर पासवर्ड बदलायला घेतो, ओटीपी तुमच्या फोनवर येतो, ॲप वाचतं, पाठवतं, आणि पुष्कळदा तुमच्या डोळ्याआडही करतं. तुम्ही कुणाला ओटीपी सांगितला नाही हे शंभर टक्के खरं असतं, फोनने सांगितला.

लग्नाच्या सीझनमध्ये हे जास्त चालतं हे वेगळं सांगायला नको. आणि काकूंना "अहो काकू, पत्रिका उघडू नका" असं सांगून उपयोग नसतो, त्या उघडणारच, भाचीचं लग्न आहे म्हणून कुणी कळवलं तर न उघडणं हाच अपमान. त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये "अनोळखी ॲप इन्स्टॉल करा" ही यादी सेटिंगमध्ये शोधून व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर सगळ्यांसमोरचं बटण तुम्हीच बंद करून या, दोन मिनिटांचं काम आहे. नाव सेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीने जरा वेगळं दिलंय, सर्चमध्ये "अननोन" टाकलं की सापडतं. चलनाची भीती वाटत असेल तर मेसेजमधली फाईल सोडा, परिवहन खात्याच्या ई-चलन साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा. आणि समजा टाकलंच गेलं ॲप, तर आधी वायफाय आणि डेटा दोन्ही बंद, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन, ॲप काढणं आणि फोन फॅक्टरी रिसेट करणं त्यानंतर. लोक उलट करतात, ॲप काढण्यात अर्धा तास घालवतात आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. आयफोनवर एपीके चालत नाही हे खरंय, पण आयफोनवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, बाकीचे रस्ते त्यांनाही लागू आहेत.

त्यातला एक म्हणजे कॉल वळवणं. कुरिअरवाला म्हणून कोणीतरी फोन करतो, पार्सल आलंय पत्ता सापडत नाहीये, कन्फर्म करायला *21* किंवा *401* लावून पुढे हा नंबर डायल करा. डायल केलं की तुमचे येणारे कॉल त्या नंबरावर वळतात. त्याने काय साधतं असं वाटेल, तर बऱ्याच ॲपमध्ये ओटीपीचा मेसेज आला नाही तर "मला कॉल करा" असं बटण असतं, आणि मग मशीन फोन करून आकडे वाचून दाखवतं. ते वाचन आता चोर ऐकतो. व्हॉट्सॲप अशानेच जातं पुष्कळांचं. दूरसंचार खात्याने 15 एप्रिल 2024 पासून असे कोड डायल करून कॉल वळवायची सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं होतं, तरी *#21# डायल करून एकदा बघून घ्या, काही वळवलेलं दिसलं तर ##002# ने सगळं रद्द होतं. व्हॉट्सॲपला सेटिंगमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन आहे, सहा आकडी पिन आपणच ठेवायचा, मग नुसत्या ओटीपीवर तुमचं खातं दुसऱ्या फोनवर चालू होत नाही. आणि "लिंक्ड डिव्हाइसेस" मध्ये कधीतरी डोकावा, सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी उघडलेलं व्हॉट्सॲप तिथे अजून चालू असलेलं सापडेल.

दुसरा रस्ता सिमच पळवायचा. तुमच्या आधारची झेरॉक्स आणि थोडी माहिती घेऊन कोणीतरी दुकानात जातो, सिम हरवलं म्हणतो, नवीन काढतो. आता ई-सिम (वेगळं कार्ड नाही, फोनातच भरलेलं सिम) आल्यावर दुकानातही जावं लागत नाही, कस्टमर केअरमधून बोलतोय सांगून तुमच्याकडूनच एक मेसेज पुढे पाठवायला लावतात आणि तुमचं सिम त्यांच्या फोनात ई-सिम होऊन बसतं. यावर नियम आहेत, सिम बदललं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद राहतात, आणि जुलै 2024 पासून बदललेलं सिम सात दिवस दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. ते चोवीस तास सरकारने तुमच्यासाठीच ठेवलेत. तेव्हा फोनची रेंज एकदम गेली आणि शेजारी बसलेल्याच्या फोनला त्याच कंपनीची रेंज आहे, तर "टॉवरला प्रॉब्लेम असेल" म्हणत संध्याकाळपर्यंत थांबू नका, त्याच्याच फोनवरून कस्टमर केअरला लावा.

आणि मग साधी चोरी. दादरला गर्दीत चढताना फोन गेला तर आपण हळहळतो फोनसाठी, वीस हजार गेले, फोटो गेले. चोर फोन विकेल तेव्हा विकेल, सिम तो लगेच काढून दुसऱ्या फोनात घालू शकतो, आणि आता सगळे ओटीपी त्याच्याकडे. फोनला लॉक आहे, फिंगरप्रिंट आहे, सगळं आहे, पण सिमला काही नाही. सिमला स्वतःचा पिन लावता येतो हे फार कमी लोकांना माहितीये, सेटिंगमध्ये सिक्युरिटीत सिम लॉक म्हणून असतो. तो लावला की सिम दुसऱ्या फोनात घातल्यावर आधी तो पिन मागतो. फक्त कंपनीने आधीपासून दिलेला पिन कस्टमर केअरला विचारून घ्या आणि मग बदला, अंदाजाने टाकत बसलात आणि तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडचा आठ आकडी पीयूके कोड लागतो. तेवढं नको असेल तर निदान लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, कारण टेबलावर ठेवलेल्या लॉक फोनवर ओटीपी आरामात वाचता येतो, त्याला चोर असावं लागत नाही, शेजारी बसलेला कोणीही पुरतो. फोन गेलाच तर आधी सिम ब्लॉक, मग बँक आणि यूपीआय, मग पोलिसात तक्रार, आणि मग दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर, सीईआयआर नावाच्या सोयीत, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर ब्लॉक करणं. आयएमईआयचे पंधरा आकडे *#06# डायल केलं की दिसतात, आजच कुठेतरी लिहून ठेवा, फोन गेल्यावर कसे बघणार.

एक रस्ता असा आहे ज्यात चोर काहीच करत नाही. तुम्ही जुना नंबर रिचार्ज करणं सोडलं, कंपनीने तो बंद केला, नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि तुमच्या जुन्या खात्यावर अजून तोच नंबर आहे. नवीन माणूस सज्जन असला तर ठीक. हे विशेष करून परदेशात गेलेल्यांना सांगतो, पुण्याहून टेक्सासला गेलेला मुलगा भारतातलं सिम वर्षभर विसरतो आणि एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्याचं इथलं बँक खातं), इन्कम टॅक्सचं लॉगिन, आईच्या खात्यातलं नॉमिनीचं काम, सगळं त्याच नंबराला चिकटलेलं असतं. एकतर रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर बंद करण्याआधी सगळीकडचा नंबर बदला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बँकेचा नंबर आणि गावभर वाटायचा नंबर वेगळा असावा. चपलांच्या दुकानात बिलाला नंबर, मॉलच्या पार्किंगला नंबर, लकी ड्रॉच्या डब्यात नंबर, सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट आणि नंबर ओळीने लिहिलेला, पुढचा येणारा आरामात फोटो काढू शकतो. नंबर देणं म्हणजे लगेच फसलो असं नाही, पण ज्या नंबराबरोबर तुमचं नाव, पत्ता आणि तुम्ही काय घेता हे फिरतंय त्याच नंबरावर बँक असेल तर येणारा खोटा फोन तेवढा खरा वाटतो. दुकानात "नंबर नाही देणार" म्हटलं तरी बिल मिळतं बरं का, जरा तोंड वाकडं होतं समोरच्याचं.

आधारचंही तसंच. लॉजवर, भाड्याच्या घराला, क्लासला झेरॉक्स देताना आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि इथे एक भोक असं आहे जिथे मोबाईल नंबर काही कामाचा नाही. गावाकडे मिनी एटीएमवर अंगठा लावून पैसे काढतात ना, एईपीएस, त्याला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो, ओटीपी नाही. दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवून पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, तो लावून ठेवा, रेशनला किंवा सिमला अंगठा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरता उघडता येतो.

आता डिजिटल अरेस्ट. यात तंत्रज्ञान जवळपास शून्य. व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच, "तुमच्या आधारवर एक सिम घेतलंय, त्यावरून गुन्हा झालाय." मग तासन् तास, कधी दिवसच्या दिवस कॉल बंद करू देत नाहीत, घरच्यांना सांगू देत नाहीत, आणि चौकशीसाठी म्हणून एफडी मोडून पैसे पाठवायला लावतात. शिकलेले, निवृत्त अधिकारी, डॉक्टर यात अडकलेत, तेव्हा अडाणी लोक फसतात हा समज सोडा. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं होतं. पण त्या क्षणी कायदा आठवत नाही, घाबरलेल्या माणसाला एकच प्रश्न असतो, खरंच माझ्या नावावर सिम असेल का? त्याचं उत्तर आधीच काढून ठेवता येतं. संचार साथीच्या साइटवर नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती कनेक्शन आहेत ती यादी येते (आपल्याकडे एका माणसाला जास्तीत जास्त नऊ चालतात), तुमचं नसलेलं दिसलं तर तिथेच "माझा नंबर नाही" म्हणून कळवायचं. ज्याने ही यादी बघितलीय त्याच्यापुढे त्या खाकीवाल्याचं पहिलंच वाक्य लंगडं पडतं. आईबाबांची यादी रविवारी त्यांच्यासमोर बसून काढा.

खरं-खोटं ओळखायला काही खुणा आता मिळाल्यात. बँकांच्या साइट आता डॉट बँक डॉट इन या शेपटीवर गेल्यात, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर आहेत, जाहिरातीसाठी 140. यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं, त्याने ॲपमध्ये ठेवलेलं टोपणनाव दिसायचे दिवस गेले. ते नाव वाचा हो. वीज मंडळाचं बिल भरताय आणि वर कुण्या भलत्याच माणसाचं नाव येतंय तर पिन टाकायचं कारण काय?

आणि एवढं करून गेलेच पैसे तर 1930, सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन. लगेच, पोलीस स्टेशनात जायच्याही आधी. कारण चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत, कमिशनवर भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून भराभर पुढे सरकतात आणि शेवटी कुठेतरी एटीएममधून निघतात. 1930 वर तक्रार पडली की ती पुढच्या बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यात सापडतील तिथे गोठवता येतात, निघून गेल्यावर काय गोठवणार. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वरही तक्रार होते. व्यवहाराचा यूटीआर नंबर, चोराचा नंबर, स्क्रीनशॉट लागतात, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे (तो 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आला) चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. तुम्हीच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरही खात्यातून जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी लवकर कळवण्यात फायदा आहेच, पण लोक दोन दिवस घरात सांगतच नाहीत, मुलगा ओरडेल म्हणून. मुलांनो, ओरडू नका.

तक्रारीनंतर काही दिवसांनी अजून एक फोन येण्याची शक्यता असते, "मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा." हा दुसरा चोर, कधीकधी तोच. तक्रार करायला किंवा गोठवलेले पैसे परत मिळवायला पोलीस फोनवरून कसलीही फी मागत नाहीत.